जाळ्याच्या गोळ्या ओतताना शिसं घरात शिरू नये म्हणून

उन्हाळा तापायला लागला की आमच्या घरी खुंटीवरची जाळी खाली उतरायची. तलावाचं पाणी आटलेलं, धानाची कामं अजून दूर, त्यामुळे जाळ्याची फाटकी घरं विणायला आणि जाळं बुडवणाऱ्या, गळून पडलेल्या शिशाच्या गोळ्या नव्याने बसवायला हाच वेळ. आबाजी छपरीच्या कोपऱ्यात तीन दगड मांडून चूल पेटवायचे, जुन्या बॅटरीतून काढलेलं शिसं लोखंडी पळीत टाकायचे, आणि अंगणातल्या मातीत काडीने पाडलेल्या भोकांमध्ये ते ओतायचे. आम्ही पोरं बाजूला बसून सांडलेले चकचकीत थेंब वेचायचो. ते थेंब कंच्यांपेक्षा जड, हातात गार लागायचे. मी त्यातला एखादा तोंडात धरून फिरायचो. कोणी रागवायचं नाही, कारण त्यात रागवण्यासारखं काही आहे हे कोणाला ठाऊकच नव्हतं.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत, बोड्या म्हणजे लहान तळी आहेत, वैनगंगा आहे. जिथे ढिवर-भोयांची वस्ती आहे तिथे फेकजाळं आहे, आणि फेकजाळ्याच्या घेराला शिसं आहे. घरी शिसं वितळवणं आमच्याकडे काही कोणी छंद म्हणून करत नाही. तयार गोळ्यांना पैसे पडतात आणि भंगारातलं शिसं हाताशी असतं, म्हणून करतात. हा लेख त्या कामासाठी आहे. बंदुकीच्या गोळ्यांचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो तिथेच सोडावा. त्याला शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवाना लागतो, आणि त्या वाटेला मी जाणार नाही.

शिसं अंगात जातं कुठून

गावात कोणालाही विचारा, उत्तर येतं, ‘धुरातून.’ म्हणून लोक तोंडाला दुपट्टा बांधतात आणि निर्धास्त होतात. मग त्याच हाताने तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पन्नी घासतात, चिमूट उचलून गालात ठेवतात.

शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं आणि उकळायला मात्र १,७०० अंशांच्या वर जावं लागतं. गोळ्या ओतायला ३५० ते ४०० अंश पुरतात. एवढ्या उष्णतेला शिशाची वाफ फारच थोडी निघते. डोळ्याला जो धूर दिसतो तो बहुतेक वेळा शिशाला चिकटलेल्या रंगाचा, तेलाचा, प्लास्टिकचा असतो. खरा धोका भांड्यावर साचणाऱ्या पिवळट-राखाडी मळीत आहे. हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन बनलेली ती शिशाची भुकटी असते. जुन्या माणसांना मुरदाडशिंग हा शब्द आठवत असेल, तो याच पदार्थाचा. मारुतीला फासतात तो पारंपरिक शेंदूरही शिशापासूनच बनतो. भुकटी पिठासारखी बारीक असते. बोटांवर, मिशीत, दुपट्ट्यावर, चपलेच्या तळव्याला बसते आणि तुमच्यासोबत घरात येते. तिथून ती तोंडात जाते, आणि तुमच्याआधी रांगणाऱ्या पोराच्या तोंडात जाते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लहान मुलांच्या अन्नातून येणाऱ्या शिशासाठी दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम ही संदर्भमर्यादा धरली आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. बारीक मिठाच्या एका कणाएवढी शिशाची भुकटी या आकड्याच्या कितीतरी पट भरते. त्यात लहान मूल पोटात गेलेलं शिसं मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतं. शरीरात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर शोषण आणखी वाढतं. आपल्याकडच्या बायापोरांच्या रक्तातलं लोह कसं असतं, हे अंगणवाडीत विचारायची गरज नाही.

सेनेगल देशात डकार शहराजवळ थियारॉय-सुर-मेर नावाचं मासेमारांचं गाव आहे. तिथले लोहार वर्षानुवर्षं जुन्या बॅटऱ्या फोडून जाळ्यांची वजनं ओतायचे. अगदी आमच्या आबाजींसारखे. पुढे शिशाचा भाव वाढला, तेव्हा बाया आणि पोरं त्या मातीतून शिशाचे तुकडे चाळून विकू लागली. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तिथे १८ लहान मुलं दगावली. सुरुवातीला कोणाला कारणच कळेना. ही गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि त्या रात्री मी आमच्या छपरीतला तो कोपरा आठवत जागा राहिलो.

आधी ठरवा, वितळवायलाच हवं का

सगळ्यात सुरक्षित काम म्हणजे न वितळवणं. तयार गोळ्या किंवा शिशाची पट्टी विकत मिळत असेल तर पट्टीचे कात्रीने तुकडे करून, दोरीभोवती वळवून, पक्कडीने दाबून बसवता येतात. आग नाही, मळी नाही. हात मात्र तरीही धुवायचे. एक सवय आजच सोडा, ती म्हणजे गोळी दाताने दाबून बसवायची. आमच्याकडे अर्धे लोक हेच करतात, कारण दोन्ही हातांत जाळं असतं. पक्कड जाळ्याला दोरीने बांधून ठेवा, म्हणजे शोधावी लागणार नाही.

लोखंडाच्या कड्या किंवा नट ओवूनही जाळं चालतं. शिसं एका घनसेंटिमीटरला ११.३ ग्रॅम भरतं, लोखंड ७.८ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच वजनाला लोखंडाचा आकार जवळपास दीडपट होतो, जाळं जरा हळू बुडतं आणि गंजतंही. खोल पाण्यात आणि धारेत फरक जाणवतो, बोडीत फारसा नाही. पूर्वी भाजलेल्या मातीच्या गोळ्याही वापरत. ब्रिटनने तर १९८७ पासून मासेमारीच्या लहान शिशाच्या वजनांची विक्रीच बंद केली, कारण पाण्यात गळून पडलेली वजनं हंस खड्यांसोबत गिळायचे आणि मरायचे. आपल्या तलावांवर सारस उतरतात, हे यानिमित्ताने सांगून ठेवतो.

तरीही ओतायचंच असेल तर पुढे वाचा.

कोणतं शिसं घ्यायचं

बॅटरी फोडायची नाही. हे वाक्य मी दोनदा लिहिलं असतं. बॅटरीत गंधकाचं तेजाब असतं. प्लेटांवरचा लगदा म्हणजे शिशाच्याच संयुगांची पूड, जी सहज उडते आणि सहज पोटात जाते. शिवाय त्या मिश्रधातूत अँटिमनी आणि आर्सेनिकसारखी द्रव्यं असू शकतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी अधिकृत साखळीतच परत जायला हवी. दुकानदार नवी घेताना जुनीचे पैसे वजा करून देतो. तेच पैसे घ्या आणि त्यातून स्वच्छ शिसं विकत आणा. अंगणात बॅटरी फोडून वाचवलेले रुपये पुढे दवाखान्यात जातात.

पंक्चरच्या दुकानातली चाकाची वजनं चालतात, पण सगळी शिशाची नसतात. हल्ली जस्ताची आणि लोखंडाचीही येतात. शिशाला नखाने ओरखडा उठतो, जस्ताला उठत नाही. चुकून आलेलं जस्त ४१९ अंशांना वितळतं, म्हणजे आच जपून ठेवलीत तर ते वर तरंगत राहतं आणि झाऱ्याने काढता येतं. जुन्या टेलिफोन केबलचं शिसं मऊ आणि चांगलं, फक्त त्यावरचं डांबर आणि कागद आधी सोलून टाका. रंग लागलेलं शिसं घेऊच नका, जुन्या रंगात आणखी शिसं असू शकतं.

सगळा माल आदल्या दिवशी कडक उन्हात पत्र्यावर पसरून ठेवा. पोकळ तुकडा, दुमडलेली नळी, आतून बंद पोकळी असलेलं काहीही कापून उघडं करा. याचं कारण पुढे येईल.

जागा

इथे मला शहरी सल्ल्यांशी थोडं भांडायचं आहे. शिशाबद्दल काहीही वाचा, सांगतात, फरशी ओल्या फडक्याने पुसा. आमच्या अंगणाला फरशी नाही, ते शेणाने सारवलेलं आहे. त्यावर पडलेली भुकटी पुसली जात नाही. पुढच्या सारवणात ती कालवली जाते, वाळल्यावर पायाखाली पुन्हा धूळ होते, आणि त्याच अंगणात धान वाळतं, तिखट कुटलं जातं, पोर झोपतं. मातीतलं शिसं कुजत नाही, पाऊस त्याला वाहून संपवत नाही. वरच्या थरात ते वर्षानुवर्षं राहतं.

म्हणून हे काम अंगणात, छपरीत, स्वयंपाकघरात किंवा गोठ्यात करायचं नाही. घरापासून दूर, विहिरीपासून आणि तलावाच्या काठापासूनही दूर, पडीक जागी करा. बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे धानाच्या शेताच्या बांधावर नको, खालच्या बांधीत तुमचंच धान उभं राहणार आहे. जमिनीवर जुने पत्रे अंथरा, चार-पाच फूट लांब-रुंद, कडा वर वळवलेले, म्हणजे सांडलेला थेंब त्यावरच थांबतो. वर छप्पर नको, मोकळी हवा हवी. सकाळी लवकर करा, वारा हळू असतो आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात दहानंतर आगीसमोर पूर्ण बाह्यांचे कपडे घालून कोणी बसू शकत नाही. वाऱ्याकडे पाठ थोडी तिरकी ठेवून बसा. वारा अगदी पाठीमागून आला तर तुमच्या अंगापुढे भोवरा होतो आणि धूर उलटा तोंडावर येतो.

जनावरांचं वेगळं सांगतो. गाई-म्हशी शिशाच्या बाबतीत अतिशय नाजूक. फुटकी बॅटरी, रंगाचा डबा, मळी, जे खारट-चवदार लागेल ते चाटतात. मग आंधळ्यासारखं चालणं, दात खाणं, भिंतीला डोकं लावून उभं राहणं, आणि मरण. कोंबड्या खडे टिपतात तसे शिशाचे थेंब टिपतात. ते पोटातल्या पेटीत अडकून झिजत राहतात आणि शिसं अंड्यात उतरतं. आम्ही पोरं जे थेंब वेचायला विसरायचो ते कोण वेचत होतं, याचं उत्तर मला आता मिळालं.

भांडी आणि अंगावरचं

वितळवायला जाड बुडाची लोखंडी कढई किंवा बिडाचं भांडं घ्या. ॲल्युमिनियमचा गंज, म्हणजे पातेलं, कधीच नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. कोळशाच्या भट्टीला पंखा लावला की पातळ बूड जड शिशाखाली बसतं आणि सगळं खाली येतं. एक किलो शिसं म्हणजे जेमतेम ८८ घनसेंटिमीटर, अर्ध्या पेल्यापेक्षाही कमी. म्हणून भांडं लहान चालतं, आणि लहानच बरं. एका वेळी दोन-तीन किलोच्या वर घेऊ नका.

कढई, पळी, झारा, सांडशी, सगळ्यांवर लाल रंगाचा पट्टा मारा आणि वेगळ्या पोत्यात ठेवा. ही भांडी पुन्हा कधीच स्वयंपाकात जायची नाहीत. घासून, उकळून, चिंचेने चोळून काही होत नाही. उलट चिंचेसारखं आंबट शिसं विरघळवतं.

तोंडाला दुपट्टा किंवा रुमाल पुरत नाही, त्याच्या विणीतून बारीक कण आरपार जातात. मळी काढताना आणि साफसफाई करताना निदान एन-९५ मास्क नाकावर घट्ट बसवून लावा. दाढी असेल तर कडेने हवा शिरते. रोज काम करणाऱ्याने धातूच्या धुराचं फिल्टर लावलेला रबरी अर्धमुखवटा घ्यावा. डोळ्यांना चष्मा आणि त्यावर पारदर्शक ढाल. अंगात जाड सुती पूर्ण बाह्या, कारण नायलॉन-टेरिकॉट वितळून कातडीला चिकटतं. पायात बूट, आणि पॅन्ट बुटाच्या वरून खाली. बुटाच्या आत खोचलेली पॅन्ट म्हणजे वितळलेल्या शिशासाठी नरसाळं.

खर्रा, बिडी, चहा, पाणी, काहीही त्या पत्र्यांजवळ नको. मला माहीत आहे की हीच सूचना सगळ्यात अवघड आहे. आमचा एक नातलग म्हणतो, ‘खर्रा नाई तं हात चालत नाई गा.’ मग कामाआधी खा, हातपाय-तोंड धुऊन मध्ये उठा, परत या. पण पन्नी खिशात घेऊन बसू नका. कामाच्या जागी खिशातली पन्नी शिशाच्या बोटांनी घासली जाणार, यात शंकाच नाही.

वितळवणं आणि ओतणं

आच मंद ठेवून सुरुवात करा. थंड कढईत कोरडे तुकडे टाकून मग पेटवा. सगळ्यात मोठा तातडीचा धोका शिशाच्या विषाचा नसून पाण्याचा आहे. वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा एक थेंब गेला तर तो क्षणात वाफ होऊन मूळ आकाराच्या दीड हजार पटींहून जास्त फुगतो आणि वरचं शिसं हवेत फेकतो. मी बारा-तेरा वर्षांचा असताना पहिल्या अवकाळी पावसानंतर दुसऱ्याच दिवशी आबाजींनी त्याच मातीच्या भोकांत शिसं ओतलं होतं. वरून माती कोरडी दिसत होती. ‘फट्’ असा एक आवाज झाला, आणि त्यांच्या डाव्या मनगटावर मसुराच्या दाण्याएवढे तीन गोल डाग पडले. ते डाग शेवटपर्यंत होते. डोळा वाचला तो निव्वळ नशिबाने.

म्हणून मातीत, वाळूत, ओल्या विटेत ओतणं बंद. धातूचा साचा घ्या आणि तोही आधी आगीजवळ ठेवून तापवा. साचा, पळी, ढवळायची सळई, वितळलेल्या शिशाला लागणारं सगळं आधी गरम आणि कोरडं हवं. ढवळायला हिरवी काडी किंवा बांबूची कामटी वापरू नका, तिच्यात ओल असते. कढईत नवे तुकडे टाकायचे झाले तर आधी कडेला तापवा आणि लांब सांडशीने सोडा. चालू कढईत गार तुकडा टाकण्यापेक्षा पहिली कढई संपवून दुसरी भरणं मला बरं वाटतं. कपाळाचा घामही कढईत पडता कामा नये. डोक्याला फडकं बांधा. पाण्याची बादली हवीच, पण कढईपासून पाच-सात हात दूर.

आच किती ठेवायची हा प्रश्न सगळे विचारतात. बंदुकीसारखे दिसणारे लेझर थर्मामीटर मिळतात, ते इथे फसवतात. चकचकीत धातूवर ते खऱ्यापेक्षा बरंच कमी तापमान दाखवतात. तार शिशात बुडवून मोजायचा थर्मामीटर असेल तर ४०० च्या आत राहा. काहीच नसेल तर डोळ्याने बघा. शिसं पाण्यासारखं हललं, साच्यात भरभर उतरलं, की पुरे. पृष्ठभागावर निळी-जांभळी-सोनेरी साय धरायला लागली की आच जास्त झाली, लाकूड मागे ओढा. आणि सावलीत कढईचं बूड अंधुक लाल दिसलं तर तापमान ५०० च्या पार गेलं आहे. तिथे धुराचाही धोका खरा होतो. आग काढा, मागे व्हा, निवू द्या.

मळी काढायची वेळ सगळ्यात वाईट, कारण भुकटी तेव्हाच उडते. मास्क पुन्हा घट्ट करा. झारा सावकाश फिरवा, मळी अलगद उचला आणि कढईच्या काठावर झारा आपटू नका. शेजारी झाकणाचा लोखंडी डबा ठेवा, मळी थेट त्यात, झाकण लगेच वर. मेणाचा तुकडा टाकून शिसं साफ करायची पद्धत आहे. त्याने मळी कमी होते हे खरं, पण मेण पेट घेतं, भडका आणि धूर होतो. तोंड कढईवर नेऊ नका.

ओतताना पळी साच्याच्या अगदी जवळ धरा, उंचावरून धार सोडू नका. साचा उघडायची घाई नको. शिसं वरून गोठतं, आतून अजून पातळ असतं. साच्याच्या तोंडावरचे वाढीव तुकडे तोडून त्याच पत्र्यावर गोळा करा. काम संपलं की उरलेलं शिसं कढईतच गोठू द्या, हलवू नका.

अंगावर शिसं उडालं तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडत राहा. चिकटलेला तुकडा ओढून काढू नका, टूथपेस्ट, हळद, शेण काही लावू नका. डोळ्यात गेलं तर पाणी सोडत १०८ ला फोन करा.

परत घरी येताना

बहुतेक लोक इथेच चुकतात, कारण काम झालं असं त्यांना वाटतं.

पत्रे झाडायचे नाहीत. खराटा लावला की भुकटी हवेत जाते. पत्र्यावर साबणाचं पाणी शिंपडा, जुन्या कापडाने कडेकडून मध्ये पुसत या, ते कापड मळीच्याच डब्यात टाका. पत्रे गुंडाळून तिथेच किंवा पोरांच्या हाताला न लागेल अशा जागी ठेवा. मळीचा डबा उकिरड्यात, शेणखताच्या खड्ड्यात किंवा तलावात रिकामा करू नका. खतातून ते शिसं शेतात जाईल. डब्यावर ‘विष’ असं मोठं लिहा, झाकण तारेने बांधा, आणि जुनी बॅटरी परत घेणाऱ्या अधिकृत दुकानदारामार्फत कचरा पुढे पाठवता येतो का, ते विचारा.

सगळी आवराआवर झाली की शेवटी तिथेच मास्क काढा. कोपरापर्यंत हात साबणाने धुवा, नखांखाली जुना ब्रश फिरवा, मग तोंड धुवा, मग चूळ भरा. हा क्रम उलटा करू नका. नुसती राख किंवा पाणी चालत नाही, साबण हवा. आधी तोंड आणि मग हात धुणारे मी पुष्कळ पाहिलेत. बूट घराबाहेर काढा. कपडे थेट बादलीत, घरच्या इतर कपड्यांपासून वेगळे, आणि स्वतः धुवा. गरोदर बायकोच्या हाती ते कपडे देणं म्हणजे पोटातल्या बाळाला शिसं देणं. शिसं वारेतून बाळापर्यंत पोहोचतं. कपड्यांचं पाणी भाजीच्या आळ्यात नको. अंघोळ करून, डोकं धुऊन मगच पोराला जवळ घ्या.

गूळ खाल्ला की शिसं पोटातून निघून जातं असं सांगणारे भेटतील. दूध पिऊन काम केलं तर काही होत नाही, असंही ऐकाल. दोन्ही समजुती आहेत. पोटभर जेवून, लोह आणि कॅल्शियम असलेलं खाऊन काम केलं तर शोषण काहीसं कमी होतं, एवढंच. काट्यांसकट खायचे बारीक मासे, तीळ, हिरव्या भाज्या, त्यावर लिंबू पिळलेलं, हे आपल्याकडे आहेच. पण याने आत गेलेलं शिसं बाहेर पडत नाही. आणि अंग दुखतं म्हणून कोणी भस्माची पुडी देत असेल तर तिचं नाव विचारा. आयुर्वेदातल्या रसशास्त्रात, म्हणजे धातूंच्या औषधांच्या शास्त्रात, नाग म्हणजे शिसं.

तपासणी

पोटात मुरडा, बद्धकोष्ठता, थकवा, डोकेदुखी, चिडचिड, तोंडाला धातूची चव, फिकेपणा. यातलं एकही लक्षण शिशाचंच म्हणून ओळखता येत नाही. उन्हाळ्यात, रोजगार हमीच्या कामावर, हे कोणाला होत नाही? मूल अभ्यासात मागे पडतं, लक्ष देत नाही, तेव्हा तर शिशाचा विचार कोणाच्या मनात येत नाही. म्हणून रक्ताची तपासणीच हवी. डॉक्टरला सरळ सांगा, ‘घरी शिसं वितळवतो, रक्तातलं शिसं बघायचं आहे.’ नेहमीच्या रक्ततपासणीत ते येत नाही, वेगळं लिहून द्यावं लागतं. तालुक्याला सोय नसली तर नमुना मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवतात. रक्त शिरेतून काढायला सांगा. बोट टोचून काढलं तर कातडीवरचं शिसं त्यात मिसळून आकडा फुगतो. जाताना हात स्वच्छ धुऊन जा.

आकडा मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटर असा येतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने लहान मुलांसाठी २०२१ पासून ३.५ हा संदर्भ धरला आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ५ किंवा त्याहून जास्त असेल तर शिसं कुठून येतं ते शोधून थांबवा, आणि सुरक्षित अशी पातळी कुठलीच ठाऊक नाही. मुलांमध्ये ४५ किंवा त्याहून जास्त आला की शिसं बाहेर काढणाऱ्या औषधांचा विचार होतो. ती औषधं डॉक्टरच्या देखरेखीतच घ्यायची, आणि घरात शिसं येणं चालू असेल तर त्यांचा उपयोग नाही.

मोसम सुरू होण्याआधी एकदा आणि काम संपल्यावर महिनाभराने एकदा तपासा. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं, पण हाडांत गेलेलं वीस-तीस वर्षं राहतं आणि गरोदरपणात, म्हातारपणी हाडं झिजली की परत रक्तात उतरतं. घरातल्या सहा वर्षांखालच्या पोरांची तपासणी तुमच्या आधी करा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा वाढलेला आला तर वर लिहिलेल्यातलं काय राहून गेलं ते एकेक तपासा. कपडे, बूट, खर्रा, अंगण, या क्रमाने बघा. माझा स्वतःचा आकडा वाढला होता तेव्हा कारण निघालं जाळं. गोळ्या बसवलेलं जाळं मी रोज संध्याकाळी उशीसारखं डोक्याखाली घेऊन खाटेवर पडायचो. आता ते छपरीबाहेर, कुडाच्या खुंटीला, पोराच्या हाताच्या वर टांगलेलं असतं.